ओपन फाइल तुमच्याकडे आहे का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटीचे दर बदलले. पाकीटबंद फरसाण आणि भुजिया १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. शिल्लक मालावर नव्या किमतीचे स्टिकर लावायची मुभा मिळाली, त्यामुळे जुना साठा निभावला. पण पुढच्या छपाईसाठी पाकिटाचे मूळ आर्टवर्क उघडून किमतीचा चौकोन बदलावाच लागतो. अशा वेळी छोट्या उद्योजकाला कळते की आपल्याकडे आहे तो फक्त व्हॉट्सॲपवर आलेला जेपीजी. ओपन फाइल, म्हणजे बदल करता येईल अशी मूळ फाइल, डिझायनरकडे, डिझायनर गाव सोडून गेलेला, आणि फाइल मिळालीच तर ती उघडणारे सॉफ्टवेअर आपल्या संगणकावर नाही.

डिझाइनसाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, यावर बोलताना सगळे त्यात काय काय करता येते ते सांगतात. त्यातून बाहेर कसे पडायचे, हे कोणी विचारत नाही. दुकान भाड्याने घेताना आपण अनामत आणि नोटिशीचा कालावधी आधी विचारतो. इथे मात्र दहा वर्षांचे काम ज्यात ठेवणार त्याची साधी चौकशीही होत नाही. हे पत्र छोट्या छापखान्यांसाठी, डीटीपीवाल्यांसाठी आणि त्यांच्याकडून लेबले, पत्रिका, बिलबुके करून घेणाऱ्यांसाठी आहे.

मराठी कामात सर्वांत घट्ट कुलूप फॉन्टचे असते. सॉफ्टवेअर त्यामानाने सहज बदलता येते. इंग्रजी मार्गदर्शनात याचा उल्लेखही नसतो, म्हणून आधी तेच.

आपल्याकडची बहुतेक जुनी कामे युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांसाठीचे अक्षरसंकेतांचे सामायिक मानक, येण्यापूर्वीच्या फॉन्टांत आहेत. या फॉन्टांत संगणकाच्या लेखी मराठी अक्षर नसतेच. इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचा तुकडा चिकटवलेला असतो. कृतिदेव या फॉन्टात ‘मराठी’ हा शब्द टाइप केला, तर फाइलमध्ये साठवली जातात ती ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरे. फॉन्ट आहे तोवर ‘मराठी’ दिसते, फॉन्ट गेला की कचरा. श्रीलिपीची मांडणी वेगळी, आयएसएमची वेगळी, शिवाजीची वेगळी. म्हणजे एका फॉन्टातला मजकूर दुसऱ्या फॉन्टातही वाचता येत नाही, आणि अशा अनेक पॅकेजांसाठी संगणकाला मागे डोंगल, म्हणजे परवान्याची छोटी किल्ली, लावावा लागे. डोंगल हरवला की टंकलेखन बंद. युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र गट आहे; तिथे म हा म च असतो, फॉन्ट कोणताही लावा.

मग सगळे युनिकोडवर का गेले नाहीत? आळस हे अर्धेच उत्तर. कोरलड्रॉ या लेबले-आकृत्यांच्या सॉफ्टवेअरच्या १२, एक्स३, एक्स४, एक्स५ या आवृत्त्यांत युनिकोड देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळत नसत; ती सोय एक्स६मध्ये, म्हणजे २०१२ साली आली. पाने जुळवण्याच्या पेजमेकरमध्ये तर ती कधीच आली नाही. त्याची ७.० ही आवृत्ती २००१ची आणि २००४ साली ते बनवणाऱ्या अडोबी कंपनीने त्याचा विकास थांबवला. ज्या दुकानात हीच दोन सॉफ्टवेअर होती, तिथे जुना फॉन्ट हाच एक मार्ग होता. दुसरे कारण ऑपरेटरची बोटे. पंधरा वर्षे रेमिंग्टन या टाइपरायटरच्या मांडणीवर टाइप करणाऱ्याला इनस्क्रिप्ट या सरकारी प्रमाण मांडणीवर बसवले की त्याचा वेग निम्म्यावर येतो आणि मालक दोन दिवसांत माघार घेतो. युनिकोडसाठीही रेमिंग्टन मांडणीचा कीबोर्ड मिळतो, तो बसवून द्या. युनिकोड म्हणजे इनस्क्रिप्ट, हा गैरसमज या धंद्यात फार महागात पडला आहे.

जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलताना कन्व्हर्टर, म्हणजे रूपांतर करणारा प्रोग्राम, त्याच फॉन्ट-कुळाचा लागतो. श्रीलिपीचा मजकूर कृतिदेवच्या कन्व्हर्टरमधून काढला तर एक कचरा जाऊन दुसरा येतो. बरोबर कन्व्हर्टरमधूनही चुका येतात, आणि त्या ठरलेल्या जागी येतात. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती नंतर साठवली जाते. त्यामुळे ‘स्थिती’, ‘शक्ति’ अशा शब्दांत वेलांटी भलत्या अक्षरावर जाते. रफाराचे उलटे: जुन्या फॉन्टात तो अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. म्हणून ‘मूर्ति’, ‘वार्षिक’ हे शब्द मुद्दाम शोधून पाहावेत. मजकुरातले इंग्रजी शब्द, ईमेल पत्ते आणि वेगळ्या फॉन्टात टाकलेले आकडे हे सगळे देवनागरी समजून बदलले जातात; ते आधीच बाजूला काढून ठेवावेत. आणि एक खास मराठी खोड. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांत फरक करणारा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो: नुक्ता असलेल्या ऱ ने, किंवा साध्या र ला हलन्त लावून त्यापुढे न दिसणारा जोडक टाकून. काही प्रोग्राम मजकूर उचलताना तो जोडक गाळून टाकतात आणि ‘आचाऱ्यांना’ आमंत्रण द्यायचे ते ‘आचार्यांना’ जाते. नेहमी ऱ हाच वापरावा, म्हणजे गाळण्यासारखे काही उरत नाही.

कोणतेही सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी त्यात ही ओळ टाइप करून पाहा: ‘ॲपचे उद्घाटन, दऱ्याखोऱ्यांतील कुऱ्हाड, वैशिष्ट्यपूर्ण दृष्टिकोन, मूर्तिकार, लाल शाल’. शेवटचे दोन शब्द गमतीने घातलेले नाहीत. मराठी ल आणि श यांची वळणे हिंदीपेक्षा वेगळी. नोटोसारख्या फॉन्टात दोन्ही वळणे असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली तरच आपली वळणे येतात. भाषा निवडायची सोयच नसेल, तर त्यात मराठी पत्रिका हिंदी वळणाने छापली जाणार. ओळ टाइप झाली की तिचा पीडीएफ काढा, तो दुसऱ्या संगणकावर आणि मोबाइलवर उघडा. पडद्यावर बरोबर आणि पीडीएफमध्ये तुटलेले, हा प्रकारही होतो.

अडोबीच्या प्रोग्रामांत ही ओळ बऱ्याचदा तुटते आणि दोष फॉन्टला दिला जातो. पाने जुळवण्याच्या इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ ही ओळी जुळवण्याची पद्धत लावली नसेल, तर पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर जाऊन बसते. आकृत्या-लेबले करण्याच्या इलस्ट्रेटरमध्येही प्रेफरन्समधून भारतीय भाषांचे पर्याय चालू करून त्या जातीचा कंपोझर निवडावा लागतो. ॲफिनिटी या दुसऱ्या डिझाइन-सॉफ्टवेअरच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत मात्र असे कोणतेही बटण नव्हते; तिथे जोडाक्षरे जुळतच नसत. परदेशी समीक्षकांनी उचलून धरलेले सॉफ्टवेअर मराठी कामाला कुचकामी ठरते ते असे.

फॉन्टही परवाना पाहून घ्यावा. ‘एक टाइप’ या मुंबईच्या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’, तसेच टिरो देवनागरी मराठी, नोटो, हिंद, कलाम हे ‘ओपन फॉन्ट’ परवान्याखाली आहेत: व्यावसायिक छपाईत वापरा, फाइलसोबत द्या, दहा संगणकांवर टाका, कोणाला विचारायला नको. पत्रिकांसाठी लागणारी नक्षीदार, कॅलिग्राफीची वळणे अजून जुन्या पॅकेजांतच जास्त आहेत, हे खरे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. त्यावर तोड अशी: ‘श्री गणेशाय नमः’ आणि वधूवरांची नावे हवी तर जुन्या फॉन्टात करून कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे आकृत्यांत रूपांतर करून, घ्या; तारीख, पत्ता, कार्यक्रम हा बदलणारा मजकूर युनिकोडमध्येच ठेवा.

आता फायलींकडे. पेजमेकरचे उदाहरण डोळ्यांसमोर असतानाही आपण शिकलो नाही. त्याच्या फायली इनडिझाइन उघडत असे, पण सीएस६ या आवृत्तीपर्यंतच. पुढच्या, मासिक भाड्याच्या इनडिझाइनला त्या उघडता येत नाहीत. म्हणजे कंपनी तीच, ग्राहक तोच, आणि तरी काम अडकले. फ्रीहँड हे आकृत्यांचे सॉफ्टवेअर अडोबीकडे २००५ साली आले आणि २००७मध्ये त्याचा विकास बंद झाला. जानेवारी २०२३पासून अडोबीने टाइप-१ जातीचे पोस्टस्क्रिप्ट फॉन्ट वापरणे बंद केले. त्या जातीचे जुने मराठी फॉन्ट नव्या आवृत्तीत दिसतही नाहीत. ही लबाडी म्हणता येणार नाही. कंपनीला जुने सांभाळण्यात पैसा नसतो, एवढेच. पण तो हिशोब आपलाही असायला हवा.

पेजमेकरच्या फायली पडून असतील तर आज दोन फुकट रस्ते आहेत: लिबरऑफिस ड्रॉ आणि स्क्रायबस. दोन्हींत त्या आयात होतात, कारण स्वयंसेवकांनी ते स्वरूप उलगडून काढले. पानाची मांडणी बऱ्यापैकी येते; मजकूर मात्र जुन्या फॉन्टाच्या रोमन अक्षरांतच येतो. म्हणून जिथे जुना संगणक अजून चालतो तिथे पेजमेकरमधूनच मजकूर आरटीएफ म्हणून बाहेर काढावा, मग कन्व्हर्टरला द्यावा. हे काम संगणक जिवंत असेपर्यंतच करता येते. हार्ड डिस्क नोटीस देऊन जात नाही.

प्रत्येक प्रोग्रामला बाहेर पडण्याचे एक दार असते, ते माहीत करून घ्यावे. इनडिझाइनची आयएनडीडी फाइल दुसऱ्या कोणात उघडेल या भरवशावर राहू नये, पण तिथूनच आयडीएमएल ही देवाणघेवाणीची फाइल काढता येते. ती ॲफिनिटी आणि स्क्रायबस वाचतात. प्रत्येक जॉब संपताना ती एक जादा प्रत काढायला अर्धा मिनिट लागतो. इलस्ट्रेटरमध्ये सेव्ह करताना ‘पीडीएफ कम्पॅटिबल’ची खूण असेल तर ती फाइल इंकस्केपमध्ये पीडीएफ म्हणून उघडते, फाइल लहान व्हावी म्हणून खूण काढली असेल तर उघडत नाही. फोटोशॉपची पीएसडी क्रिता आणि गिम्पमध्ये उघडते, पण स्मार्ट ऑब्जेक्ट आणि काही ॲडजस्टमेंट लेयर यांचे स्वरूप हरवते. कोरलच्या जुन्या सीडीआर फायली इंकस्केप आणि लिबरऑफिस बऱ्याच अंशी वाचतात. नव्या आवृत्तीच्या फायलींवर विसंबू नये. शॅडो, लेन्स, मेश फिल हे इफेक्ट तुटतात. त्यामुळे कोरलमधूनच एसव्हीजी आणि पीडीएफ अशा दोन प्रती काढून ठेवाव्यात. एसव्हीजी हे स्वरूप कोणा एका कंपनीचे नाही. वेबचे मानक ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीचे ते २००१पासूनचे मानक आहे आणि आत साधा वाचता येणारा मजकूर असतो.

पीडीएफ ठेवली म्हणजे झाले, असे मात्र समजू नये. पीडीएफ छापायला उत्तम, बदलायला वाईट. देवनागरी पीडीएफमधून मजकूर उचलून पाहा: जोडाक्षरे फुटलेली, वेलांट्या विस्कटलेल्या मिळतात, कारण पीडीएफमध्ये अक्षरांची चित्रे आणि त्यांच्या जागा असतात; मूळ शब्द परत देण्याची जबाबदारी ती घेत नाही. म्हणून मॅटर, म्हणजे छापायचा मजकूर, साध्या मजकुराच्या फाइलमध्ये वेगळे ठेवावे.

कॅनव्हा या ऑनलाइन डिझाइन-सेवेबद्दल बरेच विचारले जाते. इन्स्टाग्रामची पोस्ट, दुकानातली छोटी पाटी यांसाठी ते सोयीचे आहे. पण एसव्हीजी आणि छपाईच्या चार शायांचा (सीएमवायके) पीडीएफ सशुल्क योजनेतच मिळतो, आणि पुन्हा जसेच्या तसे उघडून बदलता येईल अशी फाइल कॅनव्हाबाहेर नेताच येत नाही. त्याहून महत्त्वाचे: तिथल्या तयार चित्रांपासून केलेले बोधचिन्ह ट्रेडमार्क म्हणून वापरायला त्यांचा परवाना मनाई करतो. मसाल्याचा ब्रँड काढायचा असेल तर लोगो तिथे करू नये. ॲफिनिटी बनवणारी सेरिफ ही कंपनी कॅनव्हाने मार्च २०२४मध्ये घेतली आणि ३० ऑक्टोबर २०२५ला तिचे सॉफ्टवेअर फुकट केले. मात्र त्यासाठी कॅनव्हाचे खाते लागते आणि नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुन्या विकत घेतलेल्या आवृत्तीत उघडत नाही. ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ यांतला फरक पाहायचा असेल तर हे चांगले उदाहरण आहे.

भाड्याच्या सॉफ्टवेअरचा हिशोब महिन्याचा न करता पाच वर्षांचा करावा: वार्षिक रक्कम गुणिले संगणक गुणिले पाच, अधिक १८ टक्के जीएसटी. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या, दुकानदाराला त्या जीएसटीचा परतावा मिळत नाही, हेही धरावे. वार्षिक करार आणि मासिक हप्ता अशी योजना असेल तर मध्येच सोडण्याची अट वाचावी. अडोबीच्या अशा योजनेत पहिले १४ दिवस उलटल्यावर रद्द केल्यास उरलेल्या रकमेच्या निम्मी रक्कम आकारली जात असे. यावरून अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनच्या तक्रारीने जून २०२४मध्ये खटला दाखल झाला. आपल्याकडे आणखी एक अडचण. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १५,००० रुपयांपेक्षा मोठा हप्ता कार्डावरून आपोआप कापला जात नाही, दर वेळी ओटीपी लागतो. ज्याच्या मोबाइलवर ओटीपी येतो तो लग्नाला गेला आणि इथे लग्नसराईतच प्रोग्राम बंद पडला, असे होऊ शकते. नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

सेवा दूरच्या सर्व्हरवर अवलंबून असली की तिची दोरीही दूरच असते. जुलै २०२५मध्ये युरोपीय निर्बंधांमुळे नायरा एनर्जी या तेल कंपनीच्या मायक्रोसॉफ्ट सेवा थांबवल्या गेल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा पूर्ववत झाल्या. पत्रिका छापणाऱ्यावर कोणी निर्बंध घालणार नाही हे उघड आहे, पण न्यायालयात जाण्याइतके बळही त्याच्याकडे नाही. रंगांचेही तसेच. नोव्हेंबर २०२२पासून अडोबीच्या प्रोग्रामांतून पँटोनच्या, म्हणजे क्रमांकाने रंग ठरवण्याच्या पद्धतीच्या, बऱ्याच रंगसूची गेल्या, आणि जुन्या फोटोशॉप फायलींतले ते रंग वेगळे शुल्क भरल्याशिवाय काळे दिसू लागले. आपल्या ब्रँडचा लाल केवळ पँटोन क्रमांकाने लक्षात ठेवू नका. त्याचे सीएमवायके आकडे आणि पसंत पडलेल्या छपाईचा एक नमुना पाकिटात घालून ठेवा. नमुन्यावर ऊन लागू देऊ नका.

‘आमच्याकडे तर क्रॅक कोरल आहे, भाड्याचा प्रश्नच नाही,’ असे म्हणणाऱ्यांसाठी दोन वाक्ये. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-बनुसार अशी प्रत जाणूनबुजून वापरणे हा किमान सात दिवस ते तीन वर्षे कैदेचा आणि ५०,००० ते दोन लाख रुपये दंडाचा गुन्हा आहे. आणि कुलूप म्हणाल तर तेच सर्वांत पक्के: आवृत्ती बदलता येत नाही, म्हणून विंडोज बदलता येत नाही, आणि विंडोज १०चा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ला संपला.

मग घ्यावे काय? महिन्याकाठी लेबले, बिलबुके, पत्रिका, छोट्या पुस्तिका आणि थोडे फ्लेक्स करणाऱ्या दुकानाला इंकस्केप (आकृत्यांसाठी), स्क्रायबस (पानांसाठी) आणि क्रिता (चित्रांसाठी) हे त्रिकूट पुरते. तिन्ही मुक्त, तिन्ही मराठी युनिकोड दाखवणारी. स्क्रायबस घेताना आवृत्ती १.६ किंवा पुढचीच घ्या, जुन्या १.४मध्ये देवनागरी जुळत नाही आणि त्याच अनुभवावरून कित्येकांनी स्क्रायबस कायमचे सोडले. १.६ ही १ जानेवारी २०२४ला आली.

या त्रिकुटात चुकते ते काळ्या रंगात. इंकस्केप आतून आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत, काम करते. त्याचा काळा छपाईसाठी बदलला की नेहमीच्या प्रोफाइलने तो साधारण सी ७५, एम ६८, वाय ६७, के ९० असा चार रंगांत फुटतो. एकूण शाई ३०० टक्के. सहा पॉइंटचा ‘घटक पदार्थ’ हा मजकूर चार प्लेटांवर गेला आणि रजिस्टर, म्हणजे प्लेटांची एकमेकींवरची जुळणी, केसभर हलले, की अक्षराभोवती लाल-निळी झालर दिसते. दोष मशीनमनला दिला जातो. उपाय असा: इंकस्केपमध्ये फक्त लोगो, नक्षी, आकृत्या करा. मूळ एसव्हीजी जपून ठेवा, आणि दुसऱ्या प्रतीत अक्षरे ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ने कर्व्ह करून ती प्रत स्क्रायबसमध्ये आणा. आणलेले रंग तिथल्या रंगयादीत ‘फ्रॉमएसव्हीजी’ अशा नावांनी दिसतात. ते एकेक उघडून सीएमवायके करा आणि काळ्याला के १००, बाकी तिन्ही शून्य द्या. मजकूर थेट स्क्रायबसमध्ये टाइप करा. एक लक्षात ठेवा: निवडलेल्या फॉन्टात एखादे चिन्ह नसेल तर तिथे रिकामा चौकोन येऊ शकतो. रुपयाचे चिन्ह आणि इंग्रजी अक्षरेही असलेला ‘मुक्त’सारखा फॉन्ट घेतला तर हा त्रास टळतो.

पीडीएफ काढताना ‘पीडीएफ/एक्स’ या छपाईच्या मानकाचे पर्याय निवडता येत नसतील तर कलर मॅनेजमेंट बंद आहे; ते आधी चालू करून प्रेसने सांगितलेले प्रोफाइल निवडा. व्हिजिटिंग कार्ड ८९ बाय ५१ मिलिमीटर असेल तर चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापून जाणारा जादा भाग, धरून रंग ९५ बाय ५७पर्यंत जायला हवा, आणि अक्षरे कटिंगच्या रेषेपासून किमान तेवढीच आत. प्रेसवाला म्हणणार, ‘पीडीएफ नको, कोरलची ओपन द्या, मला अप लावायचे आहेत, एका कागदावर अनेक प्रती.’ त्याचेही खरे आहे, कारण पीडीएफ कोरलमध्ये आणली की मराठी फुटते. पण ती फुटते आयात करताना ‘टेक्स्ट’ निवडल्यामुळे. त्याच खिडकीत ‘कर्व्हज’ निवडायला सांगा, किंवा स्क्रायबसमधूनच अक्षरांची आउटलाइन करून पाठवा. मग बारा अप लावा नाहीतर चोवीस.

फ्लेक्सला एवढी कसरत लागत नाही. दहा बाय पाच फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयने (इंचाला ७२ ठिपके) ८६४० बाय ४३२० पिक्सेल होतो, आणि लांबून पाहायच्या फलकाला तेवढे पुरते. ३०० डीपीआयचा हट्ट धरला तर फाइल सतरा पट होते आणि फ्लेक्सवाला ती गुपचूप लहान करतो. सीएमवायके टिफ हवी असेल तर क्रितातून काढा. दोरी ओवायच्या आयलेटसाठी कडेला दोन इंच मोकळे ठेवा, नाहीतर भोक नेमके कोणाच्या तरी फोटोवर पडते.

जिथे कोरल विकत घेतलेले आहे तिथे ते टाकून देण्याची गरज नाही. कोरल वापरा; जॉब संपला की एका फोल्डरमध्ये सीडीआर, एसव्हीजी, छपाईची पीडीएफ, युनिकोड मॅटर, मूळ फोटो, फॉन्ट आणि त्याचा परवाना, रंगांचे आकडे हे सगळे ठेवा. फोल्डरचे नाव वर्षाने सुरू करा. वर्षातून एकदा त्यातला कोणताही एक जॉब कोरल नसलेल्या संगणकावर उघडून किंमत बदलून पाहा. एवढी परीक्षा पास झाली तर तुम्ही अडकलेले नाही.

डिझाइन करून घेणाऱ्यांसाठी कायद्यातली एक बाब. डिझायनर तुमचा पगारी नोकर नसेल, तर पैसे दिले म्हणून लोगोचा कॉपीराइट आपोआप तुमचा होतोच असे नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९नुसार हस्तांतर लेखी आणि देणाऱ्याच्या सहीचे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. दुबईला लोणची पाठवणाऱ्याने दुसऱ्या अटीकडे विशेष पाहावे. ऑर्डरच्या कागदावरच लिहा: ओपन फाइल, एसव्हीजी, वापरलेले फॉन्ट, आणि कायमस्वरूपी, सर्व देशांसाठी हक्क. डिझायनर ओपन फाइलचे जादा पैसे मागेल. तो त्याचा हक्क आहे. रक्कम आधी ठरवा, काम झाल्यावर वाद घालू नका.

बदल करायचा तर वेळ पाहून. दिवाळीआधी अंक, त्यानंतर कॅलेंडरे आणि लग्नसराई, जूनमध्ये शाळांची कामे. त्यातल्या त्यात निवांत मिळतो तो आषाढ. श्रावण लागला की गणपतीची पावतीपुस्तके येतातच. पहिल्या आठवड्यात फक्त कीबोर्ड आणि फॉन्ट. दुसऱ्यात वारंवार येणारी बिलबुके आणि लेटरहेडे नव्याने बांधा, कारण त्यांत चित्रे कमी आणि मजकूर ठरलेला असतो. लेबले तिसऱ्यात; डाय लाइन, म्हणजे लेबल कापायची रेषा, वेगळ्या लेयरवर आणि वेगळ्या नावाच्या रंगात ठेवा, म्हणजे ती चुकून छापली जाणार नाही. पुस्तिका शेवटी. जुना संगणक वर्षभर तसाच ठेवा, पण इंटरनेटची वायर काढून, आणि त्याच्या हार्ड डिस्कची पूर्ण प्रत पहिल्याच दिवशी काढून घ्या.

आपला नम्र,
मुद्रणपूर्व व्यवसायातील एक वाचक, पुणे